यंदाचे नवे अल्बम : अथपासून इतिपर्यंत कोणकोणते ऐकले? (नागपूर गच्ची-बैठक)

बर्डी_ते_बर्डी | ५ ऑक्टोबर २०२४, सकाळी ११:४०

काल कॅरिबूचा (म्हणजे डॅन स्नेथ, इलेक्ट्रॉनिकवाला) 'हनी' आला. रात्री बारालाच उतरवून ठेवला होता. सकाळी खापरीला मेट्रोत बसलो, मोबाइल एअरप्लेन मोडवर टाकला आणि पहिल्या गाण्यापासून लावला. शेवटची दोन गाणी ऑटोमोटिव्ह चौकाच्या फलाटावर बाकावर बसून संपवली. उतरायचं होतं कस्तुरचंद पार्कला. असो.

जुन्या मंडळींना माहीत आहे, नव्यांसाठी सांगतो. प्रतापनगरातल्या एका गच्चीवर आम्ही चार-पाच जण रविवारी संध्याकाळी एक अल्बम सबंध ऐकतो. नियम दोनच. मधलं गाणं पुढे ढकलायचं नाही आणि संपेपर्यंत मत द्यायचं नाही. दुसरा नियम दर रविवारी मोडतो.

यंदा इंडी (मोठ्या कंपनीशिवाय आपलं आपण काढणारे) आणि इलेक्ट्रॉनिकवाल्यांनी कहर केलाय. मार्चमध्ये फोर टेटचा 'थ्री', ऑगस्टमध्ये पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनीचा 'बीटा' आणि फॉन्टेन्स डी. सी.चा 'रोमान्स', सप्टेंबरच्या लागोपाठ दोन शुक्रवारी फ्लोटिंग पॉइंट्सचा 'कॅस्केड' आणि जेमी एक्सएक्सचा 'इन वेव्ह्ज'. आता हा 'हनी'.

माझी मतं, भांडायला मोकळे आहात :

'थ्री' आठच गाण्यांचा. पहिल्यांदा ऐकून "बरंय" म्हणालो आणि विसरलो. आता सहा महिन्यांनी बघतो तर घरात सगळ्यात जास्त तोच लागतो. गुमानपणे घरात शिरलेला पाहुणा.

'बीटा' माझ्यासाठी यंदाचा पहिला नंबर. दिल्लीचा बँड, 'बिस्मिल्ला'नंतर पाच वर्षांनी. सूर्यकांत सॉनी असा गातो की साठ सालच्या एखाद्या हॉटेलात दिवे मंद झालेत आणि मालक गल्ला मोजतोय. मधेच ट्रम्पेट येतो तो थेट आपल्या वरातीतून.

'इन वेव्ह्ज'साठी नऊ वर्षं थांबलो ('इन कलर' २०१५ चा). नाचायला उत्तम. पण 'इन कलर'मध्ये रात्री उशिरा घरी परतण्याची जी उदासी होती ती यात नाही. माणूस सुखात असावा. त्याचं भलं झालं, माझं नुकसान झालं.

'हनी'बद्दल अजून ठरत नाहीये. कारण खाली लिहीन.

पुढच्या बैठकीला काय लावावं, सुचवा.

---

तर्री_जास्त | दुपारी १२:१५

कस्तुरचंद पार्क सोडून ऑटोमोटिव्हपर्यंत गेला अन् वरून चारचौघांत सांगून राहिला! भल्लाच आहे भाऊ तू.

अल्बम कोण ऐकते बे आता? माझ्याकडे प्लेलिस्ट आपोआप चालून राहते. ३० सेकंदात पटलं तर ठीक, नाही तर पुढचं.

---

बर्डी_ते_बर्डी | दुपारी १२:५०

@तर्री_जास्त, तू ३० सेकंद सहज म्हणालास, पण सगळा धंदा त्याच आकड्यावर चालतो. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजलं की "एकदा ऐकलं" धरतात. २९ व्या सेकंदाला ढकललंस तर शून्य. म्हणून तर सुरुवातीचा वादनाचा तुकडा गाण्यांतून गळत चाललाय. गायक दारातूनच ओरडत आत येतो. वर २०२४ पासून नियम असा की वर्षभरात किमान १,००० वेळा वाजलं नाही, तर त्या गाण्याचा छदाम मिळत नाही. समज, वर्ध्याच्या एखाद्या पोराने दहा गाण्यांचा अल्बम काढला आणि दहाही गाणी ८००-८०० वेळा ऐकली गेली. हाती भोपळा.

अशा हिशेबात कोणी दहा मिनिटांचं, हळूहळू उघडणारं गाणं करतो तेव्हा निदान एकदा तरी बूड टेकवून ऐकावं, एवढंच.

---

निवांत_काकू | दुपारी ३:०५

जेवणं झाली, आता लिहिते. मी मूळची शास्त्रीय ऐकणारी. मुलगा बेंगळुरूला गेला तेव्हा त्याचे मोठे हेडफोन इथेच राहिले. त्याने फोनवर सांगितलं, "आई, फ्लोटिंग पॉइंट्सचा 'प्रॉमिसेस' ऐक, तुला कळेल." २०२१ चा आहे. फॅरो सँडर्स यांचा सॅक्सोफोन आणि लंडनचा सिंफनी ऑर्केस्ट्रा. ४६ मिनिटं सलग, नऊ भाग.

मला लगेच कळलं, कारण ते आपल्या लेहऱ्यासारखं आहे. तबला सोलोत हार्मोनियमवाला एकच ओळ धरून बसतो आणि तबलजी वाटेल तिथे फिरून येतो ना, तसं. तिथे एक छोटासा सुरांचा तुकडा पहिल्यापासून फिरत राहतो आणि ऐंशीचे सँडर्स त्याच्यावर सावकाश श्वास सोडत जातात. एका जागी तर सॅक्सोफोन खाली ठेवून नुसतं तोंडाने काहीतरी पुटपुटतात. भाजी लागली माझी त्या दिवशी.

पुढच्याच वर्षी ते गेले.

---

तर्री_जास्त | दुपारी ३:२०

काकू, तुम्ही तर छुप्या रुस्तम निघाल्या!

रच्याकने (बाय द वे), हे फ्लोटिंग पॉइंट्सवाले सॅम शेपर्ड मेंदूविज्ञानात पीएचडी अन् कॅरिबूवाले डॅन स्नेथ गणितात पीएचडी. आपल्याकडे पीएचडी झालेलं पोट्टं तासिका तत्त्वावर शिकवून राहते. (दिवा घ्या, म्हणजे गंमत समजा.)

---

निवांत_काकू | दुपारी ३:४५

दिवा घेतला. पण माझी एक तक्रारही आहे. मागे गच्चीवर तुम्ही फोर टेटचं 'मॉर्निंग/इव्हनिंग' (२०१५) लावलं होतं. वीस-वीस मिनिटांचे दोन तुकडे. पहिल्यात अचानक लतादीदी! 'सौतन'मधलं, उषा खन्नांचं. मी लगेच गुणगुणायला लागले, तर दीदींची ओळ पुरी होतच नाही. घिरट्या घालते, जवळ येते, पुन्हा वर जाते. मी समेची वाट पाहत बसले. घरी येऊन मूळ गाणं पूर्ण ऐकलं तेव्हा कुठे जीव थाऱ्यावर आला.

---

बर्डी_ते_बर्डी | दुपारी ४:१०

काकू, कीरन हेब्डनची (म्हणजे फोर टेटची) आई भारतीय वंशाची आणि आजोबांकडची भारतीय गाणी त्याच्या वाट्याला आली, म्हणून तो आवाज तिथे. सम मिळत नाही हे मात्र खरं. मला तेच आवडतं. आपण भांडू.

आता 'हनी'चं कारण. स्नेथने स्वतः गायलेला आवाज एआयने बदलून घेतलाय. कुठे बाईचा वाटतो, कुठे पोराचा. गाणारा तोच, आवाज मात्र कोणाचाच नाही. मेट्रोत ऐकताना एका गाण्यातली बाई मला फार आवडली, आणि नंतर कळलं ती नाहीच. फसवल्यासारखं वाटलं खरं. पण मग ऑटोट्यून (गायकाचा सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर) काय करतं? ठरत नाहीये.

---

सदरचा_दुपारवाला | ६ ऑक्टोबर, रात्री १२:३०

नवे-नवे म्हणून चाललंय, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. मे महिन्यातली.

चरणजित सिंग यांच्या 'टेन रागाज टू अ डिस्को बीट'ची तबकडी मागवली होती. पुनर्मुद्रित. पैसे किती ते बायको हा धागा वाचते म्हणून लिहीत नाही. मी ऑफिसात, घरी कोणी नाही. कुरिअरवाल्याने पाकीट ठेवलं कुठे, तर जिन्याखालच्या लोखंडी मीटरपेटीवर. दुपारी दोन वाजता. नागपूरच्या मे महिन्यात. संध्याकाळी उघडलं तर तबकडीचा द्रोण झालेला. अक्षरशः पत्रावळीशेजारी ठेवावा असा.

मग दोन काचांमध्ये घालून, वर पाटा ठेवून, पुन्हा उन्हात. वीस मिनिटं उन्हात, मग सावलीत पाट्याखाली रात्रभर. बरीच सरळ झाली. पण कड उठलेलीच राहिली आणि कडेला आहे भैरवी. सुई होडीसारखी वरखाली जाते आणि सूर हलतो. भैरवीला फुकटचं आंदोलन मिळालं.

तर हे चरणजित सिंग मुंबईचे. सिनेमांच्या रेकॉर्डिंगमध्ये बेस, गिटार वाजवायचे, लग्नात ऑर्केस्ट्रा. १९८२ साली त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं जोडली : टीआर-८०८ ताल धरायला, टीबी-३०३ बेसला आणि ज्युपिटर-८ वर राग. दहा राग, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. एचएमव्हीने काढला, कोणी विचारलं नाही. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, शिकागोच्या पोरांनी तेच ३०३ पिळून 'ॲसिड ट्रॅक्स' केलं आणि ॲसिड हाउस (क्लबात नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) जन्माला आलं. २०१० मध्ये एका डच लेबलने सिंगसाहेबांची तबकडी पुन्हा काढली आणि युरोपातले लोक चक्रावले. म्हातारपणी तिकडे जाऊन कार्यक्रम केले त्यांनी. २०१५ मध्ये गेले.

म्हणजे ॲसिड हाउस आपलं.

---

बर्डी_ते_बर्डी | ६ ऑक्टोबर, सकाळी ९:१०

द्रोण! सकाळी सकाळी चहा सांडला.

पण शेवटचं वाक्य मान्य नाही. आधी केलं ही एक गोष्ट आणि त्यातून निघालं ही दुसरी. शिकागोत ती तबकडी कोणी ऐकल्याचा पुरावा नाही. दोन्हीकडे एकच यंत्र पोचलं, एवढाच धागा. आणि ते यंत्रही फसलेलं. गिटारवाल्याला घरबसल्या बेसची साथ मिळावी म्हणून काढलं, पण त्यात सूर भरणं डोकेदुखी आणि आवाज बेससारखा नाहीच. १९८४ ला बंद. मग जुन्या बाजारात स्वस्तात गेलं आणि पोरांच्या हाती लागलं. सिंगसाहेबांनी ते नवंकोरं घेऊन रागाला लावलं, ही गंमत मला "आम्ही पहिले"पेक्षा मोठी वाटते.

"आम्ही पहिले" खेळायचंच तर १९६९ ला जा. अहमदाबादच्या एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत) अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडरने मोग सिंथेसायझर बसवला आणि गीता साराभाई, जिनराज जोशीपुरा, एस. सी. शर्मा वगैरेंनी त्यावर प्रयोग केले. त्या टेपा पडून होत्या. पॉल पर्गसने शोधल्या आणि २०२३ मध्ये 'द एनआयडी टेप्स' नावाने अल्बम निघाला. त्यातलं बरंचसं फ्रीजच्या आवाजासारखं आहे, पण १९६९ मधल्या फ्रीजच्या.

---

पॅड_इतवारी | ६ ऑक्टोबर, दुपारी २:००

नमस्कार. वाचतो नेहमी, लिहून पहिल्यांदा राहिलो. मराठी टायपिंग चुकलं तर समजून घ्या.

तुम्ही रोलँड रोलँड करून राहिले म्हणून सांगतो. मी धुमालमध्ये (मिरवणुकीच्या वाद्यपथकात) पॅड वाजवतो. अकरा वर्षं झाली. आमचं पॅडही रोलँडचंच, एसपीडी-२०. आठ रबरी चौकोन, काडीने वाजवायचं. त्यात ९९ पॅच (जुळवून ठेवलेले आवाज) बसतात. माझे ३० माझ्या हातचे आहेत. कंपनीचा ढोल आपल्या गल्लीत चालत नाही, पातळ वाटते. मी त्याची शेपटी कापतो, सूर खाली घेतो, वर टाळीचा आवाज चढवतो. एकेक आवाज बनवायला रात्र जाते.

धुमालमध्ये कीबोर्ड असते, बेंजो असते, दोन पॅड, मागे ढोल-ताशे. सगळं गाडीवर, जनरेटरवर. गाणं कोणतंही राहो, आमच्या हाती आलं की दहा-बारा मिनिटं चालते. मारबतीत, संदलमध्ये, गणपतीत. चौकात गर्दी थांबली की कीबोर्डवाला एकाच सुरावर थांबते अन् मी नुसती टिकटिक ठेवतो. लोक वाट पाहतात. मग पुढचा मंडळवाला हात वर करते, अन् सोडतो.

जनरेटरचा दाब खाली गेला की कीबोर्ड बंद पडून पुन्हा चालू होते, अन् सगळं सेटिंग पहिल्यावर जाते. तेवढे वीस सेकंद ताशावाले सांभाळतात. पब्लिकला कळत नाही.

हे इलेक्ट्रॉनिकमध्ये येते का नाही, ते तुम्ही सांगा.

---

बर्डी_ते_बर्डी | दुपारी २:२०

भाऊ!! येतं का म्हणजे? मी नऊ-नऊ वर्षं जेमी एक्सएक्सची वाट पाहतो आणि "थांब, वाट पाहायला लाव, मग सोड" हे करणारा माणूस इतवारीत!

---

झोपमोड | दुपारी ४:३०

कौतुक चाललंय तर जरा दुसरी बाजूही ऐका. सप्टेंबरात वडिलांना दवाखान्यातून घरी आणलं, त्याच संध्याकाळी आमच्या गल्लीतून मिरवणूक. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. वडील उशी कानावर धरून बसले होते. ७८ वर्षांचे. मी खाली जाऊन हात जोडले, तर "काका, दहा वाजेपर्यंत परवानगी आहे" असं उत्तर. कायद्याने बरोबर असेल. ४६ मिनिटांचा सॅक्सोफोन मलाही आवडतो, पण तो मी माझ्या घरात, माझ्या मर्जीने ऐकतो.

---

पॅड_इतवारी | सायंकाळी ५:०५

दादा, तुमचं बरोबर आहे. डीजे वेगळा अन् धुमाल वेगळा, असं आम्ही म्हणतो, पण डबे (मोठे स्पीकर) आम्हीही लावतोच. किती लावायचे ते मंडळ ठरवते, पैसे ते देतात. दवाखान्यासमोर आम्ही बंद करतो. घरात आजारी माणूस आहे हे आम्हाले वरून दिसत नाही. माझेही कान डावीकडून कमी झाले आहेत. आता कापूस घालतो.

वडील कसे आहेत?

---

झोपमोड | सायंकाळी ५:४०

बरे आहेत. धन्यवाद. कापूस पुरत नाही, मेडिकलमध्ये फोमचे बोळे मिळतात ते घ्या.

---

वऱ्हाडी_ठेका | ७ ऑक्टोबर, सकाळी १०:००

सगळे इंग्रजी अल्बम? मराठीत काय चाललंय ते बघा की. 'तांबडी चामडी' यंदा थेट स्पिनिन रेकॉर्ड्सवर गेलं, क्रेटेक्स आणि श्रेयस. हाउसच्या ठेक्यावर मराठी. आणि आपल्या अमरावतीचा १०० आरबीएच वऱ्हाडीत रॅप करतोय.

---

तर्री_जास्त | सकाळी १०:२०

हाव ना, पण ते गाणं आहे, अल्बम कुठाय? बर्डीभाऊ नियम सांगतील.

अन् स्पिनिन म्हणजे मोठ्या कंपनीचं लेबल. त्याला इंडी कसं म्हणता? खरं इंडी पाहायचं तर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जा. आधी कॅसेटी, मग सीड्या, आता पेनड्राइव्ह. स्वतः लिहायचं, स्वतः गायचं, स्वतः विकायचं. लेबल नाही, ३० सेकंद नाही. माझ्या बाबांकडे भीमगीतांच्या कॅसेटींची अख्खी पेटी आहे, अन् बाबा ती साइड ए पासूनच लावतात. मधून लावली तर ओरडतात.

---

बर्डी_ते_बर्डी | सकाळी १०:४५

म्हणजे घरात अल्बम ऐकणारा माणूस आहे आणि तू "कोण ऐकते बे" विचारतोयस! बाबांना गच्चीवर आण.

अवांतर : भारतीय कलाकाराचा अल्बम बँडकँपवरून (कलाकाराकडून थेट संगीत विकत घ्यायची साइट) विकत घेताना माझं पेमेंट अडकतं. तिथला व्यवहार पेपालवर चालतो आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलंय. लंडनवाल्याला पैसे देता येतात, दिल्लीवाल्याला नाही. कोणाला वाट माहीत असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

बैठक ठरली : रविवार १३ तारीख, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. नवा अल्बम नाही, चरणजित सिंगच. सदरवाले, द्रोण घेऊन या. @पॅड_इतवारी, तुम्ही मुख्य पाहुणे.

---

पॅड_इतवारी | रात्री ११:५०

दसऱ्यापर्यंत देवीचं काम आहे. तेराला येतो.

---

बर्डी_ते_बर्डी | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

वृत्तान्त. नऊ जण जमले, गच्चीवर पहिल्यांदाच चटई कमी पडली. तर्रीचे बाबा आले, आल्याआल्या विचारलं, "पहिली बाजू आहे ना ही?" चिवडा काकूंचा.

भैरवी वरखाली होत सुरू झाली. काकू म्हणाल्या, "हा सूर हलतोय तो राग म्हणून की ऊन म्हणून?" (दुसरा नियम, पहिल्या मिनिटाला.) पॅडभाऊ भिंतीला टेकून, डोळे मिटून. ललित लागला तसा त्यांच्या बोटाने चिवड्याच्या स्टीलच्या ताटलीवर ठेका धरला. हळू, ८०८ च्या मधल्या जागांमध्ये. दोन आवर्तनं झाल्यावर आमच्यापैकी कोणीच तबकडी ऐकत नव्हतं, ताटली ऐकत होतं.

संपल्यावर ते म्हणाले ते जसंच्या तसं : "माणूस भारी आहे. चुकत नाही. पण थांबतही नाही. मशीनला चौक दिसत नाही ना."

---

निवांत_काकू | सकाळी ९:१५

मला आणखी एक जाणवलं. खालची बेसची ओळ एका सुरावरून दुसऱ्यावर सरकते, पण दर वेळी सारख्याच वेगाने. मींड अशी नसते, ती कधी रेंगाळते, कधी झटकन जाते. तरी तोडी मला आवडली. का, ते अजून शोधतेय.

---

पॅड_इतवारी | सकाळी ११:००

काल लय मजा आली. सदरवाले दादा, तो ललितचा तुकडा मोबाइलवर पाठवा. परवा कोजागिरीले आमच्या वाड्यात दूध आटवतो, कीबोर्डवाला येणार आहे. डबे नाही, छोटा स्पीकर. वाजवून पाहतो. थांबून थांबून.

---

निवांत_काकू | सकाळी ११:२०

अहो पॅडभाऊ, ललित रात्री बाराला नाही वाजवत. तो पहाटेच्या आधीचा राग.

---

पॅड_इतवारी | सकाळी ११:२५

काकू, आमची कोजागिरी उजाडेपर्यंतच चालते.

---

निवांत_काकू | सकाळी ११:३०

मग चारच्या पुढे वाजवा. आणि आधी फोन करून मला उठवा.